चार जनरेटर आणि एक तुंबलेली मोरी

चारशेहर्ट्झ

मागे ‘विमानात बसायची भीती’ या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, ‘वर असताना लाईट गेले तर?’ तिथे मी ‘काही होत नाही हो, बॅकअप असतो’ असं एका ओळीत उरकलं आणि मग मलाच चुटपुट लागून राहिली. ते उत्तर खोटं नाही, पण अर्धं आहे. विमानांच्या विजेची देखभाल हा माझा रोजचा धंदा, त्यातली बरीच वर्षं बॅटरी शॉपमध्ये गेली. म्हणून हा वेगळा धागा.

आधी मांडणी. एअरबस ए-३२० घेऊ. दोन इंजिनं, प्रत्येकावर ९० केव्हीएचा (केव्हीए म्हणजे ढोबळमानानं किलोवॅटच समजा) एक जनरेटर. शेपटीत एपीयू नावाचं छोटं टर्बाइन, त्यावर तेवढाच तिसरा. वीज ११५ व्होल्ट, थ्री फेज, ४०० हर्ट्झ. फ्रीक्वेन्सी जितकी जास्त तितकं ट्रान्सफॉर्मर आणि मोटरमधलं लोखंड कमी लागतं, म्हणून ४००. (माझ्या आयडीचं कोडं बऱ्याच जणांना पडलं होतं, ते आता सुटलं असेल.) पुढे ट्रान्सफॉर्मर-रेक्टिफायर यातली काही वीज २८ व्होल्ट डीसी करून देतात.

इंजिनाचा वेग सारखा बदलतो, फ्रीक्वेन्सी मात्र स्थिर हवी. म्हणून इंजिन आणि जनरेटर यांच्यामध्ये वेग कायम राखणारा ड्राइव्ह असतो. दोन्ही एकाच डब्यात असले की त्याला आयडीजी म्हणतात. हा तापला किंवा त्याच्या तेलाचा दाब गेला की वैमानिक एक बटण दाबून त्याला इंजिनापासून तोडतो. ते बटण झाकणाखाली असतं, कारण एकदा तोडलेला आयडीजी हवेत परत जोडता येत नाही. जमिनीवर उतरून आमच्यापैकी कुणीतरी तो हातानं जोडतो.

आता उतरंड. एक जनरेटर गेला तर दुसरा दोन्ही बाजू सांभाळतो. लोड फारच वाढला तर पहिला बळी गॅलीचा, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघराचा. ओव्हन बंद पडले तर कुणी मरत नाही. हवं तर एपीयू चालू करून त्याचा जनरेटर जोडता येतो. तिन्ही गेले तर विमानाच्या पोटाखाली एक पंखा आपोआप बाहेर पडतो. त्याचं नाव रॅम एअर टर्बाइन, आम्ही रॅट म्हणतो. समोरच्या वाऱ्यावर तो फिरतो, हायड्रॉलिक पंप चालवतो, त्या दाबावर एक छोटा जनरेटर चालतो आणि त्यातून मिळतात ५ केव्हीए. कुठे ९० आणि कुठे ५! पण एका वैमानिकासमोरचे पडदे (स्क्रीन), एखादा रेडिओ आणि नियंत्रणाचे मोजके संगणक एवढ्यात भागतात. रॅट वेग घेईपर्यंतचे काही सेकंद बॅटऱ्या निभावतात.

इथपर्यंतचं कुठेही वाचायला मिळतं. मला सांगायचंय ते पुढचं.

७ जानेवारी २००८. क्वांटासचं बोइंग ७४७-४०० बँकॉकला उतरत होतं. चार इंजिनं, चार जनरेटर, चार एसी बस (बस म्हणजे वीज वाटणारी मुख्य वाहिनी). एवढा ऐवज असल्यावर आणखी कशाला, म्हणून या जातीच्या विमानाला रॅट नव्हता आणि त्याचा एपीयू हवेत सुरू होत नाही. पुढच्या गॅलीतलं सांडपाणी बाहेर नेणाऱ्या नळीत बर्फ बसला होता. नळी गरम ठेवणारा हीटर काम करत नसावा. सोप्या मराठीत, मोरी तुंबली. पाणी वर आलं, फरशीवरून पुढे सरकलं आणि खाली उतरलं. खाली इलेक्ट्रॉनिक सामानाची खोली. तिथल्या रॅकवर पाणी पडू नये म्हणून पन्हाळीसारखं छत असतं, त्याला तडे गेले होते. थेंब पडले जनरेटर कंट्रोल युनिटांवर. एकेक करत तीन जनरेटर बंद.

जनरेटर तिन्ही ठणठणीत होते. इंजिनं मजेत चालू होती. बिघडला होता तो एक हीटर आणि फुटलं होतं एक छत. विमानाचा बराच भाग बॅटरीवर आला. बॅटरी साधारण अर्ध्या तासाच्या हिशेबाची. विमानतळ जवळ होता म्हणून सुखरूप उतरले. हेच भर समुद्रावर झालं असतं तर, हा विचार मी इथेच सोडतो.

तेव्हापासून कुणी ‘या विमानाला किती जनरेटर’ असं विचारलं की मी उलट विचारतो, त्या सगळ्यांमध्ये सामाईक काय आहे? एकच खोली? एकच सॉफ्टवेअर? एकच माणूस? उत्तर तिथे असतं, आकड्यात नसतं.

विचारा काय विचारायचं ते.

विंडोसीट

मस्त धागा. माझा बाळबोध प्रश्न. विमान अजून गेटवरच असतं किंवा नुकतं मागे ढकलत असतात, तेव्हा दिवे एकदम मिणमिणतात, एसीचा आवाज क्षणभर थांबतो आणि परत सुरू होतो. मी दर वेळी शेजारच्याकडे बघते, तो मोबाईलमध्ये. हे काय असतं?

चारशेहर्ट्झ

बाळबोध अजिबात नाही ताई, बाकीच्यांचं लक्षच नसतं. ती विजेची खांदेपालट. गेटवर वीज बाहेरच्या केबलमधून किंवा एपीयूवरून येते. इंजिनं सुरू झाली की भार त्यांच्या जनरेटरवर जातो. अनेक विमानांत दोन जनरेटर एकाच बसला एकाच वेळी जोडायचे नाहीत असा दंडक आहे, कारण त्यांच्या लहरी एका तालात नसतात. म्हणून आधी जुना तोडायचा, मग नवा जोडायचा. तेवढ्यात दिवा पापणी मिटतो. काही नव्या विमानांत दोन्हींचा ताल क्षणभर जुळवून घेतात, तिथे तुम्हाला कळणारही नाही.

महत्त्वाचे संगणक ही उचकी गृहीत धरूनच बनवलेले असतात. केबिनचे दिवे बिचारे साधे.

अर्धवट अभियंता

छान लिहिलंय, पण सामाईक कारणाचं प्रकरण थोडं ताणताय असं वाटतं. साधं गणित आहे. समजा एक जनरेटर दहा हजार तासांत एकदा बंद पडतो. दोन एकाच तासात पडायची शक्यता दहा कोटींत एक. तीन असतील तर एक लाख कोटींत एक. तुमचं ७४७ म्हणजे अपवाद. अपवादावरून नियम ठरत नाही.

चारशेहर्ट्झ

गणित बरोबर आहे, गृहीतक तेवढं तपासा. शक्यतांचा गुणाकार तेव्हाच करता येतो जेव्हा एकाचं पडणं दुसऱ्याला माहीत नसतं. प्रमाणन करणारेही तुमच्यासारखाच गुणाकार करतात. जिवावर बेतणारा बिघाड अब्ज उड्डाण-तासांत एकदाही होऊ नये, हे त्यांचं मोजमाप. पण गुणाकाराला हात घालण्याआधी त्यांना दाखवावं लागतं की दोन तारा एकाच वाटेनं जात नाहीत, दोन डबे एकाच पाण्याखाली येत नाहीत, एका इंजिनाचा तुकडा उडाला तर तो दोन्ही व्यवस्था कापणार नाही. खरी मारामारी तिथे असते. गुणाकार कॅल्क्युलेटर करतो.

अपवाद म्हणताय म्हणून दुसरा देतो, यात पाण्याचा थेंबही नाही. बोइंग ७८७ म्हणजे विजेवर उभं राहिलेलं विमान. इंजिनांवर प्रत्येकी दोन, २५० केव्हीएचे, आणि एपीयूवर २२५ केव्हीएचे दोन. एकूण सहा जनरेटर. केबिनमधली हवासुद्धा इंजिनातून न घेता विजेच्या कॉम्प्रेसरनं भरतात. २०१५ साली अमेरिकेच्या एफएएनं, म्हणजे तिथल्या विमान नियामकानं, आदेश काढला. कारण काय, तर इंजिनांवरच्या चार जनरेटरच्या कंट्रोल युनिटांत एक मोजणी चालते, ती २४८ दिवस सलग वीज चालू राहिली की भरून वाहते. चारही युनिटं एकाच वेळी चालू केलेली असतील तर चारही एकाच क्षणी ‘सुरक्षित’ अवस्थेत जातील, म्हणजे चारही जनरेटर बंद. विमान तेव्हा कुठेही असो.

हे प्रयोगशाळेत सापडलं, हवेत नाही. पण २४८ हा आकडा बघा. २ चा ३१ वा घात घ्या, सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजा आणि दिवस काढा.

अर्धवट अभियंता

२,१४,७४,८३,६४८ भागिले १०० भागिले ८६,४००... २४८.५५. अरे देवा! बत्तीस बिटांचा साइन्ड इंटिजर! त्यात याहून मोठा आकडा मावतच नाही!

मागे घेतो माझं. चार भाऊ, पण एकाच घड्याळाकडे बघून झोपणारे.

चारशेहर्ट्झ

हे वाक्य चोरणार आहे मी. उपाय काय सांगितला होता माहितीये? ठरावीक मुदतीच्या आत विमानाची वीज पूर्ण बंद करून परत चालू करा. मग सॉफ्टवेअर सुधारलं.

फ्यूज उडालेला

एवढा उपद्व्याप कशाला? मोठ्ठी बॅटरी टाका की एक. विजेवरच्या गाड्या शेकडो किलोमीटर जातायत आता.

चारशेहर्ट्झ

भाऊ, हिशेब करू. ए-३२० च्या दोन बॅटऱ्या, २४ व्होल्ट, प्रत्येकी २३ अँपिअर-तास. दोन्ही मिळून जेमतेम १.१ युनिट वीज. एका जनरेटरचा पूर्ण भार त्यांच्यावर टाकला तर पाऊण मिनिटात गारद. म्हणजे बॅटरी ही जनरेटरच्या जागी बसणारी वस्तू नाहीच. ती दम धरायला असते. एपीयू सुरू करणं, रॅट फिरेपर्यंत पडदे जागे ठेवणं, आणि काहीच उरलं नाही तर अगदी गरजेच्या चार गोष्टी जमिनीपर्यंत नेणं.

आणि मोठी बॅटरी म्हणजे मोठं सरपण. जानेवारी २०१३ मध्ये बॉस्टनला उभ्या असलेल्या ७८७ च्या एपीयूची लिथियम-आयन बॅटरी पेटली. नऊ दिवसांनी जपानमध्ये दुसऱ्या ७८७ मध्ये धूर झाला, विमान ताकामात्सुला उतरवावं लागलं. जगातली सगळी ७८७ एप्रिलपर्यंत जमिनीवर. शेवटी बॅटरीभोवती स्टीलची पेटी आली आणि धूर थेट विमानाबाहेर सोडणारी नळी. जो डबा अडीअडचणीला म्हणून ठेवला, त्यालाच तिजोरीत कोंडायची वेळ आली.

पण बॅटरीची खरी खोड वेगळीच आहे. ती मेलेली असते आणि कुणाला कळत नाही.

आमच्या शॉपमध्ये निकेल-कॅडमियमच्या येतात. वीस सेल, प्रत्येकी १.२ व्होल्ट. एकदा एक बॅटरी नेहमीच्या तपासणीला आली. विमानात तिचा व्होल्टेज २५ च्या वर, तक्रार काहीच नाही. आम्ही ती टेबलावर घेऊन एका तासाच्या दरानं रिकामी करायला लावली. नियम असा, की ५१ मिनिटं होईपर्यंत एकही सेल १ व्होल्टच्या खाली जाता कामा नये. मीटरची पिन एकेका सेलवर टेकवत फिरायचं, आकडे कागदावर लिहायचे, परत पहिल्यापासून. कंटाळवाणं काम. तिसाव्या मिनिटाला सगळे एका रांगेत. चाळिसाव्याला चौदा नंबर जरा मागे, १.१२. पंचेचाळिसाव्याला १.०४. सेहेचाळिसाव्याला मी पिन टेकवली आणि आकडा माझ्या डोळ्यांदेखत ०.९ खाली गेला, मग ०.६. दीड मिनिटात त्या सेलनं पोलॅरिटी उलटवली, म्हणजे धन टोक ऋण झालं. बाकी एकोणीस अजून १.१५ वर.

विमानात याचा काहीच पत्ता नव्हता. निकेल-कॅडमियमचा व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट असतो, बोलत नाही. ज्या दिवशी लागली असती त्या दिवशी बोलली असती. राखीव वस्तूचा हा शाप आहे. रोज वापरात असलेला जनरेटर बिघडला की लगेच दिवा लागतो. कोपऱ्यात बसलेला रॅट किंवा बॅटरी मुद्दाम उठवून विचारल्याशिवाय सांगत नाही. म्हणून ठरावीक मुदतीत रॅट जमिनीवर बाहेर काढून फिरवून बघतात.

(अवांतर: या शॉपमध्ये ॲसिडच्या बॅटऱ्या आणत नाहीत. हत्यारंसुद्धा वेगळी. ॲसिडची वाफ निकेल-कॅडमियमच्या अल्कलीत गेली तर सेल खराब होतात. इथेही सामाईक काही नको, बघा.)

उजवी सीट

बरेच दिवस नुसता वाचतोय, आज राहवलं नाही. मी ए-३२० वर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक.

सिम्युलेटरमध्ये ‘इमर्जन्सी इलेक्ट्रिकल’ करतात तेव्हा काय होतं ते सांगतो. दोन्ही मुख्य बस गेल्या की माझ्या बाजूचे दोन्ही पडदे काळे. एकदम. कॅप्टनच्या बाजूचे परत येतात, माझे येत नाहीत. पुस्तकात वाचलेलं असतं, तरी पहिल्यांदा पोटात गोळा येतो, कारण हात आपोआप समोरच्या काचेकडे जातात आणि तिथे स्वतःचा चेहरा दिसतो. मग पाच केव्हीएचं शहाणपण कळतं. दोघांना अर्धं अर्धं देण्यापेक्षा एकाला पूर्ण द्या आणि दुसऱ्यानं चेकलिस्ट वाचावी.

चेकलिस्टवरून आठवलं. १५ जानेवारी २००९, न्यूयॉर्कची हडसन नदी, विमान ए-३२०च. पक्षी लागल्यापासून पाण्यात उतरेपर्यंत साडेतीन मिनिटं. दोन्ही इंजिनं गेल्यावरची तेव्हाची चेकलिस्ट तीन पानांची होती, उंचावर बिघाड झाला असं धरून लिहिलेली. ती पुरी व्हायला वेळच नव्हता. कॅप्टन सलेनबर्गर यांनी क्रमाची वाट न बघता पहिल्याच काही सेकंदांत एपीयू चालू केला. त्यामुळे वीज टिकली आणि विमानाचे नियंत्रण संगणक शेवटपर्यंत पूर्ण संरक्षणासह चालले. सगळे पाण्यावर उतरण्याबद्दल बोलतात. आम्ही वैमानिक एकमेकांत त्या एका बटणाबद्दल बोलतो.

पाऊलवाट

भीती जावी म्हणून धागा उघडला होता. आता पायीच जाणार सगळीकडे.

एक विचारू? रॅट वाऱ्यावर फिरतो, मग उतरताना विमान हळू होतं तेव्हा?

उजवी सीट

नेमकं बोट ठेवलंत. तेव्हा तो दमतो. १९८३ मध्ये एअर कॅनडाच्या ७६७ चं इंधन वाटेतच संपलं, किलो आणि पाउंडाच्या घोळात. काचेचे पडदे सगळे विझले, उरली बॅटरीवरची मोजकी जुनी उपकरणं. रॅटनं हायड्रॉलिक दाब दिला म्हणून विमान हाताळता आलं. पण कॅनडातल्या गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर उतरताना वेग कमी होत गेला तसा दाब कमी, कंट्रोल जड. म्हणजे सगळ्यात नाजूक क्षणी सगळ्यात अशक्त मदत. तरी उतरले, सगळे वाचले.

२००१ मध्ये एअर ट्रान्झॅटचं ए-३३० अटलांटिकवर असंच कोरडं झालं. ३०६ माणसं, इंजिनाशिवाय सुमारे १९ मिनिटं तरंगत अझोर्स बेटांवर उतरलं. तिथेही रॅट. तेव्हा ताई, पायी जाऊ नका.

छोट्या पिस्टन विमानांत गंमत उलटी. तिथे इंजिनाची ठिणगी मॅग्नेटोतून येते (इंजिनाच्याच फिरण्यावर चालणारं छोटं जनित्र), दोन स्वतंत्र मॅग्नेटो. बॅटरी, अल्टरनेटर दोन्ही मेले तरी इंजिनाला खबर नसते. माझ्या शिकाऊ दिवसांत एकदा अल्टरनेटर गेला होता. रेडिओ बंद केला, रस्ता बघत बघत घरी आलो.

काटकोन

मला नियमांचं कुतूहल. एक जनरेटर बंद असताना विमान सोडता येतं म्हणे. ही बॅकअपशी बेइमानी नाही का?

चारशेहर्ट्झ

सोडता येतं, अटींवर. कुठल्या गोष्टी बंद असताना किती दिवस उडता येईल याची मंजूर यादी असते, एमईएल. इंजिनावरचा एक जनरेटर बंद असेल तर साधारण अट अशी, की एपीयूचा जनरेटर पूर्ण उड्डाणभर चालू ठेवा. कागदावर परत दोन झाले. बेइमानी नाही, पण साठवलेल्या पुंजीतून खर्च आहे, हे खरं.

२००६ च्या सप्टेंबरमध्ये एक ए-३१९ स्पेनमधल्या अलिकांतेहून ब्रिस्टलला निघालं ते असंच. डावा जनरेटर बंद, एपीयू चालू. फ्रान्सवर असताना डावी बस गेली. कॅप्टनसमोरचे पडदे गेले, ते एक वेळ चालेल, पण सगळे रेडिओही गेले. रेडिओ तीन होते हो! पण त्यांच्यावर बोलायची साधनं ज्या ‘इसेन्शियल’ बसवर होती, तिचा पुरवठा डाव्या बाजूकडून. तो उजवीकडे वळवायला बटण होतं. वैमानिकांनी ते दाबलं, काही फरक दिसला नाही. पुढचा सगळा प्रवास मुक्यानं. वाटेत दुसरं प्रवासी विमान धोकादायक अंतरावरून गेलं. ब्रिस्टलला उतरले.

नंतर एअरबसनं तो पुरवठा आपोआप वळेल अशी सुधारणा आणली. माणसानं वेळेवर बटण दाबावं या आशेवर उभी असलेली व्यवस्था मला तरी अर्धीच वाटते. उजवी सीट यांचं मत वेगळं असू शकेल.

उजवी सीट

हडसनला माणसाच्या बोटानंच वाचवलं ना! पण मुद्दा मान्य. आमचं बोट रोज तेवढं शहाणं नसतं.

काटकोन

तारांचं काय? जनरेटर वेगळे, पण तारा कुठून तरी एकत्र जाणारच.

चारशेहर्ट्झ

जातात आणि तिथेच घात होतो. नोव्हेंबर २०१० मध्ये क्वांटासच्या ए-३८० चं दोन नंबरचं इंजिन फुटलं. तुकड्यांनी पंखातल्या तारा तोडल्या. सिंगापूरला उतरल्यावर शेजारचं एक नंबरचं इंजिन बंदच होईना! बंद करण्याचा निरोप नेणाऱ्या ताराच तुटलेल्या. अग्निशमनवाल्यांनी पाणी आणि फेस मारून मारून सुमारे तीन तासांनी ते थांबवलं.

आणि कधी कधी वीज असणं हाच धोका. स्विसएअर १११, सप्टेंबर १९९८, एमडी-११. कॉकपिटच्या छतावर तारांमध्ये ठिणगी पडून इन्सुलेशनचं आवरण पेटलं असा चौकशीचा निष्कर्ष. त्यात सीटवरच्या करमणुकीच्या यंत्रणेच्या तारा होत्या. धूर आला की केबिनची वीज तोडायचा एक स्विच चेकलिस्टमध्ये असतो. पण ही यंत्रणा मागाहून बसवताना ज्या बसवर जोडली होती, ती त्या स्विचच्या हुकमाखाली नव्हती. २२९ जणांपैकी कुणी वाचलं नाही. वीज टिकवण्याच्या गप्पा आपण खूप मारतो. ती हवी तिथे, हवी तेव्हा मारता येणं हेही तितकंच अवघड काम आहे.

नाममात्र

अहमदाबादच्या अपघातात रॅट बाहेर आलेला दिसला. म्हणजे वीज गेल्यामुळेच विमान पडलं ना? सरळ आहे.

चारशेहर्ट्झ

सरळ नाही. ७८७ चा रॅट बऱ्याच कारणांनी बाहेर येतो. दोन्ही इंजिनं बंद, तिन्ही हायड्रॉलिक व्यवस्थांचा दाब कमी, दोन्ही वैमानिकांच्या उपकरणांची वीज गेली, अशी यादी आहे. रॅट दिसला एवढ्यावरून यातलं कुठलं कारण ते ठरत नाही. जुलै २०२५ च्या प्राथमिक अहवालात आहे ते एवढं: उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांचे इंधन स्विच एका सेकंदाच्या अंतरानं ‘रन’वरून ‘कटऑफ’वर गेले, रॅट बाहेर आला, आणि एपीयूचं हवेचं दार उघडायला लागलं, कारण अशा वेळी तो आपोआप सुरू व्हायचा प्रयत्न करतो. म्हणजे राखीव व्यवस्था ठरल्याप्रमाणे जाग्या झाल्या, पण तेवढ्या उंचीवर त्यांना वेळच नव्हता. स्विच का हलले यावर मी इथे अक्षर लिहिणार नाही. त्यात माणसं गेलीत.

उजवी सीट

+१. आणि वीज गेली की पुरावाही जातो. डिसेंबर २०२४ मध्ये दक्षिण कोरियात जेजू एअरचं ७३७-८०० धावपट्टी ओलांडून आदळलं, त्याचे दोन्ही रेकॉर्डर शेवटच्या चार मिनिटांआधी थांबले होते. ७३७ ला रॅट नाही. त्याचे कंट्रोल दोऱ्यांवर हातानं चालवता येतात, म्हणून गरज मानली नाही. रेकॉर्डरला स्वतःची दहा मिनिटांची बॅटरी देण्याचा नियम नंतरच्या विमानांसाठी आला. ते विमान २००९ चं.

विंडोसीट

काल प्रवास झाला. मागे ढकलताना दिवे मिटले आणि मी शेजारच्या काकांना म्हटलं, ‘खांदेपालट.’ ते घाबरून एअर होस्टेसला बोलवायला निघाले होते.

चारशेहर्ट्झ, एकच राहिलं. त्या मोरीचं पुढे काय झालं? आता कुणी बघतं का तिकडे?

चारशेहर्ट्झ

हाहा, काकांना माझा नमस्कार.

बाकीच्यांचं माहीत नाही, माझं सांगतो. परवा रात्रपाळीला एक लॉगबुक हातात आलं. केबिन क्रूनं शेवटी दोन शब्द खरडलेले, पुढच्या गॅलीच्या सिंकमधून पाणी हळू जातं. माझ्या कामाशी याचा संबंध नाही, ते केबिनवाल्यांचं खातं. जोडीदार म्हणाला, ‘उद्या बघतील ते.’ मी टॉर्च घेतली, खालचं दार उघडून इलेक्ट्रॉनिक बेमध्ये शिरलो आणि रॅकच्या वरच्या छतावरून हात फिरवत गेलो, कडेपासून कडेपर्यंत, जोडावर बोट दाबून. कोरडं होतं. परत वर येऊन हीटरचा करंट मोजला.

तो मात्र शून्य होता. हीटर बदलून पहाटे विमान सोडलं.